उंबऱ्याआतली दुपार : निपाणीतील एका गर्भवती विडी कामगार स्त्रीची ड जीवनसत्त्वाची कमतरता

नोव्हेंबरच्या मध्यावर, गर्भारपणाचे २२ आठवडे पूर्ण झालेली एक २४ वर्षांची स्त्री आपल्या सासूबाईंबरोबर तपासणीला आली. हे तिचे पहिलेच गर्भारपण. राहणे निपाणीच्या कडेच्या वस्तीत, घरी विड्या वळण्याचे काम, नवरा यंत्रमागावर. तिची ओळख राहू नये म्हणून अशाच परिस्थितीतील आणखी एका स्त्रीचे काही तपशील येथे मिसळले आहेत. मात्र दिवसाची घडण, घरातील समजुती आणि उपचारात आलेल्या अडचणी आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे ते त्यांतच आहे.

तक्रार साधी होती. "कंबर लई दुखतीया, आन् रात्री पोटऱ्यांत गोळं येत्यात," एवढेच ती म्हणाली. गर्भारपणात कंबर दुखणे आणि पोटऱ्यांत गोळे येणे इतके नित्याचे असते की एरवी मी तेल, शेक आणि विश्रांती सांगून तिला घरी पाठवले असते. परंतु बाकावरून उठताना तिने दोन्ही हात मांड्यांवर टेकले आणि स्वतःला ढकलल्यासारखे करून ती उभी राहिली. चाल थोडी झोकांडी होती. नडगीचे हाड अंगठ्याने दाबले तेव्हा तिने पाय मागे घेतला. कमरेभोवतीच्या आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंची अशी दुर्बलता आणि हाड दाबल्यावर दुखणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की हाडे मऊ होण्याच्या विकाराचा, म्हणजे अस्थिमृदुतेचा, संशय घ्यावाच लागतो. बावीस आठवड्यांचे पोट इतके मोठे नसते की केवळ त्याच्या भाराने चोविशीतली बाई अशी उठावी.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.२ ग्रॅम होते. कॅल्शियम ८.४ मिलिग्रॅम होते, म्हणजे खालच्या काठावर. गर्भारपणात रक्तातील अल्ब्युमिन उतरते आणि त्याबरोबर एकूण कॅल्शियमचा आकडाही थोडा उतरतो, हे लक्षात घेऊनही तो समाधानकारक नव्हता. रक्तातील २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाले. २० च्या खाली कमतरता आणि १२ च्या खाली तीव्र कमतरता असे साधारणपणे धरले जाते. हाडांच्या विकारात वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले होते, पण हे विकर वारेतूनही येत असल्यामुळे गर्भवतीमध्ये त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. क्ष-किरण चित्र अर्थातच काढले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी करावी असे माझे मत नाही. तपासणी महाग आहे, जागतिक आरोग्य संघटनाही सर्व गर्भवतींना सरसकट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस करत नाही, आणि या तपासणीच्या पैशांत एका विडी कामगार घराचा कित्येक दिवसांचा बाजार होतो. लखनौ येथे झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०७ गर्भवतींपैकी सुमारे ८४ टक्के स्त्रियांमध्ये हे प्रमाण २२.५ नॅनोग्रॅमच्या खाली आढळले होते आणि त्यात शहरी-ग्रामीण असा फारसा फरक नव्हता. कमतरता इतकी सर्वत्र असताना आकडा शोधण्यावर पैसा घालवण्यापेक्षा राहणीकडे पाहणे अधिक उपयोगाचे. हिची तपासणी केली ती तिच्या उठण्यामुळे.

दिवस कसा जातो

औषध लिहून देण्यापूर्वी मी तिला तिचा कालचा दिवस पहाटेपासून सांगायला लावला. सहाला उठणे, चूल-पाणी, साडेआठला सूप मांडीवर घेऊन बसणे. विडीचे काम मधल्या खोलीत चालते, कारण पडवीत वारा असतो आणि वाऱ्याने सुपातला तंबाखू उडतो. त्याच कारणाने खिडकी ओढून घेतलेली आणि पंखा बंद. दुपारी जेवणापुरती सुट्टी, मग पुन्हा पाचपर्यंत तीच बैठक, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि हजार पुरे झाल्याशिवाय उठवत नाही. संध्याकाळी पाणी भरायला ती अंगणात येते तेव्हा ऊन कलंडलेले असते. म्हणजे ज्या प्रदेशात पावसाळा सोडला तर वर्षभर ऊन तळपते, त्या प्रदेशातील ही स्त्री ऊन अंगावर न घेता महिनेच्या महिने जगत होती. त्यातही गर्भ राहिला तो जूनमध्ये. पहिले चार महिने ढगांचे आणि ओकाऱ्यांचे गेले.

दुपारी बाहेर न पडण्यामागे केवळ काम नव्हते. सासूबाईंनी स्वच्छ सांगितले, "बाई, भर दुपारी पोटुशी बाईनं उंबऱ्याच्या भाईर पडू नये. बारा वाजता नडतंया." त्याला जोडून दुसरी भीती होती ती रंगाची, की आईने ऊन घेतले तर बाळ सावळे होते. त्यांची काळजी खरी होती आणि सुनेवर त्यांचा जीव होता. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात त्या तिला रोज दहा मिनिटे अंगणात उभी करत असत, कारण कोवळे ऊन अंगाला चांगले, असे त्यांनी आयुष्यभर ऐकले होते.

आपल्याकडील कोवळ्या उन्हाची ही श्रद्धा फार दृढ आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते सूर्यप्रकाशातील अतिनील-ब या किरणांमुळे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरणांना वातावरणाचा लांब तिरपा थर ओलांडावा लागतो आणि त्यात ही किरणे बहुतांशी शोषली जातात. सकाळी सातचे ऊन उबदार वाटते, प्रसन्न वाटते, पण त्या कामाचे ते जवळजवळ नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगी. बेळगाव-निपाणीचा भाग विषुववृत्तापासून सुमारे १६ अंश उत्तरेला असल्यामुळे डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य ५० अंशांवर असतो, म्हणजे थंडीच्या दिवसांतही साधारण अकरा ते दोन या वेळेत सावली आखूडच पडते. नेमकी हीच वेळ गर्भवतीसाठी निषिद्ध मानलेली. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचाही उपयोग नाही, कारण काच ही किरणे अडवते. बाळाच्या रंगाविषयी एवढेच की तो आईबापांच्या वारशाने ठरतो. आईच्या हातावर पडलेले ऊन गर्भाशयात पोचत नाही.

आहाराची बाजूही दुबळी होती. ज्वारीची भाकरी, आमटी, हंगामाची भाजी, आणि दिवसभरात पाच-सहा वेळा चहा. घरी म्हैस होती, पण दूध डेअरीला जात असे आणि चहापुरते मागे राही. खरे तर ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत आहाराला फार दोष देता येत नाही: भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत दिवसाला ६०० आंतरराष्ट्रीय एकके (आययू) सांगितली आहेत, आणि एका अंड्याच्या बलकात ती जेमतेम ४० च्या आसपास मिळतात. कॅल्शियम मात्र ताटातून मिळू शकते, आणि तेच तिच्या ताटात नव्हते.

तायी कार्ड आणि दोन गोळ्या

सर्वांत जास्त वेळ मला गोळ्यांचा हिशेब लावण्यात गेला. सरकारी मार्गदर्शनानुसार गर्भारपणाच्या १४ व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा कॅल्शियमची गोळी द्यायची असते; तिच्यात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकके ड-३ जीवनसत्त्व असते, आणि बाळंतपणानंतर सहा महिने ती चालू ठेवायची असते. रोज लोह-फॉलिक आम्लाची लाल गोळीही असतेच. या दोन्ही गोळ्या तिला वेळेवर मिळाल्या होत्या आणि तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकात गर्भवतीला मिळणाऱ्या नोंदींच्या कार्डावर, तशी नोंदही होती. नोंद वाचली तर काही बिघडलेले दिसत नव्हते.

प्रत्यक्षात ती लाल आणि पांढरी गोळी रात्री जेवणानंतर एकदमच घेत होती, वर कपभर चहा. कॅल्शियम लोहाचे शोषण कमी करते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे; चहाही लोह शोषू देत नाही. दुसरे असे की लाल गोळीने पोट कडक होऊ लागले तेव्हा तिने दोन्ही बंद केल्या, कारण तिच्या लेखी त्या दोन गोळ्या म्हणजे एकच औषध होते. सहा आठवड्यांपासून पाकिटे फडताळात तशीच होती.

तायी कार्ड कन्नडमध्ये असते. या मुलीचे शिक्षण सीमेपलीकडच्या कागल तालुक्यात मराठीतून झाले. लग्न होऊन ती इकडे आली. कन्नड तिला थोडी समजते, वाचता येत नाही. आशाताई मराठी बोलणाऱ्या होत्या आणि त्यांनी सांगितलेही होते, परंतु एकदा तोंडी सांगितलेले सहा महिने लक्षात राहत नाही, आणि पुन्हा पाहायला जो कागद हाती आहे तो वाचता येत नाही. याचा दोष मी कोणा एकाला देत नाही. मात्र सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे गृहीत धरून चालावे असे मला कळकळीने वाटते, की कार्ड हाती असणे आणि कार्ड कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

चुकलेला सल्ला आणि लागू पडलेला

उपचाराचा औषधी भाग फार गुंतागुंतीचा नव्हता. ड-३ ची रोज २००० एकके, कॅल्शियमची गोळी सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर, लाल गोळी रात्री झोपताना पाण्याबरोबर. औषध दुकानदाराने तिच्या नवऱ्याला ६०,००० एककांची पुडी दर आठवड्याला घेण्याचे सुचवले होते. ती मात्रा दिवसाला साडेआठ हजारांच्या वर जाते. दिवसाला ४००० ही सर्वसाधारण वरची मर्यादा मानली जाते आणि गर्भवतीने ती आपल्या मनाने ओलांडू नये. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गर्भवतींना रोज ४००, २००० किंवा ४००० एकके देण्यात आली होती आणि त्यात औषधामुळे इजा झाल्याचे आढळले नव्हते. तेवढ्या मर्यादेत राहणे मला सुरक्षित वाटले.

राहणीच्या बाबतीत मात्र माझा पहिला सल्ला चुकला. तंबाखू आत राहू द्या, पण तेंदूची पाने कापण्याचे काम अकरानंतर परसात बसून करा, असे मी सुचवले. पुढच्या खेपेस तिने सरळ सांगितले, "उन्हात पानं वाळत्यात. मग वळताना फाटत्यात, आन् कारखान्यात ती विडी बाजूला काढत्यात." पान भिजवून ओलसर ठेवावे लागते हे मला माहीत नव्हते. माझा सल्ला पाळला त्या दोन दिवसांत तिची मजुरी बुडाली होती, आणि सल्ला देण्यापूर्वी मी तिला तिच्या कामाविषयी आणखी दोन प्रश्न विचारले असते तर ते टळले असते.

वाट सापडली ती अंगणवाडीच्या निमित्ताने. कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजना राज्यभर लागू आहे. तीत गर्भवती आणि स्तनदा मातांना महिन्यातून २५ दिवस अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण मिळते. भात, आमटी, भाजी, अंडे, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की. तिचे नाव त्यात होते, पण सुनेने दुपारी बाहेर पडू नये म्हणून सासूबाई डबा घरी आणत असत आणि त्यातले अंडे बहुधा लहान दिराच्या वाट्याला जाई. अंगणवाडी घरापासून दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर. म्हणजे तिथे जाऊन जेवले तर जाता-येता वीस-पंचवीस मिनिटांचे मध्यान्हीचे ऊन, चालणे, स्वतःच्या पोटात जाणारे अंडे आणि दूध, जेवणाबरोबर घेतलेली कॅल्शियमची गोळी आणि मधल्या तासभर सुपापासून सुटका, हे सगळे एका जाण्यात साधत होते. एखाद्या योजनेची वेळ आणि शरीराची गरज इतकी नेमकी जुळून आल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

सासूबाईंना पटवणे राहिले होते. त्यांची समजूत खोडून काढण्याचा प्रयत्न मी केला नाही. "तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा, एकटी सोडू नका," एवढेच म्हटले, आणि बारा वाजण्यापेक्षा साडेबाराला निघा, असे सुचवले. बाराची वेळ टळल्यामुळे त्यांचे मन निवळले. पदर खांद्यावर, हात कोपरांच्या वरपर्यंत उघडे, डोक्यावर हवे तर फडके, असे दोघी जाऊ लागल्या. आपली त्वचा सावळी असल्यामुळे गोऱ्या लोकांसाठी सांगितलेली दहा मिनिटे आपल्याला पुरत नाहीत, म्हणून येतानाही उन्हाच्या बाजूनेच या, हेही सांगितले. हा सल्ला नोव्हेंबर-डिसेंबरचा आहे. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात गर्भवतीला मी असे चालायला सांगणार नाही, तेव्हा अकराच्या आसपासची थोडी मिनिटेच ठीक.

दर तासाला बैठक मोडून उठणे, चहा दोन वेळांवर आणणे, म्हशीचे अर्धा लिटर दूध घरात ठेवणे आणि सकाळी नाचणीची आंबील घेणे, या गोष्टी कमीअधिक प्रमाणात पाळल्या गेल्या. दुधाच्या बाबतीत डेअरीचे पैसे कमी होणार म्हणून नवऱ्याशी बोलावे लागले. नाचणीला मात्र घरात कोणाचा विरोध नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि आंबील या भागात नवी शिकवावी लागत नाही.

मिसरीचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. सासूबाई बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारले की दात घासायला मिसरी लावली तर चालते का. दिवसातून तीनदा, लग्नाआधीपासून. तंबाखूचे काम करणाऱ्या घरात ती सवय म्हणूनही कोणी मोजत नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात पोचवते, आणि गर्भारपणात तंबाखू लावणाऱ्या स्त्रियांची बाळे वजनाला कमी भरतात, दिवस भरण्यापूर्वी जन्मतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ड जीवनसत्त्वाच्या मागे लागून मी ही गोष्ट विचारायला विसरलो होतो, याची मला आजही खंत वाटते. एकदम सोडणे तिला जमले नाही. तीनवरून एक, आणि डिसेंबरअखेर बंद. विडीकाम मात्र ती सातव्या महिन्यापर्यंत करत राहिली. तंबाखूची धूळही अपायकारकच, पण त्या घराला मजुरी सोडायला सांगण्याजोगा दुसरा आधार माझ्यापाशी नव्हता. नाकातोंडावर ओले फडके आणि उघडी खिडकी एवढ्यावरच थांबावे लागले.

माहेरी

संक्रांतीनंतर, ३१ व्या आठवड्यात, ओटीभरण करून तिला माहेरी नेले. निपाणीहून कागल तालुका तासाभराच्या आतला; मध्ये दूधगंगा आणि राज्याची हद्द. या तासाभरात उपचाराची घडी पार विस्कटली. तिकडे नवी नोंदणी, नवे मराठी कार्ड. तायी कार्ड तिथल्या परिचारिकेला वाचता येईना, आणि ड-३ ची २००० एकके कोणत्याच कार्डावर नव्हती, ती माझ्या चिठ्ठीवर होती आणि चिठ्ठी निपाणीच्या घरी राहिली होती. महाराष्ट्रात आदिवासी भाग वगळता गर्भवतींना घरी न्यायचा कोरडा आहार मिळतो, म्हणून दुपारचे अंगणवाडीला जाणेही संपले. त्यात माहेरचे लाड: लेकीने नुसते पडून राहायचे. तीन आठवडे गोळी बंद, ऊन बंद.

गर्भाच्या हाडांत जाणारे सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांतच जाते, आणि बाळाच्या शरीरातील ड जीवनसत्त्वाचा साठा सर्वस्वी आईच्या रक्तावर अवलंबून असतो, तेव्हा हा खंड नको त्या वेळी पडला. नवऱ्याच्या फोनवरून ते कळले. मग मराठीत एक पानाचे पत्र लिहिले: आकडे, मात्रा, कोणती गोळी कोणत्या जेवणाबरोबर, आणि उन्हाची वेळ. ते पत्र दोन्ही कार्डांना टाचून ठेवायला सांगितले. तिकडे तिच्या आईने दुपारी बारा ते एक गच्चीवर तीळ-शेंगा निवडण्याची बैठक ठरवली. तीळ उन्हात बिघडत नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यावर, उपचार सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांनी, ड जीवनसत्त्व २३ नॅनोग्रॅम आणि हिमोग्लोबिन १०.६ होते. पोटऱ्यांतले गोळे डिसेंबरातच थांबले होते. आठ महिन्यांचे पोट घेऊन ती बाकावरून हात न टेकता उठली. यातले किती गोळीमुळे आणि किती उन्हामुळे, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. ८ वरून २३ ची वाढ मुख्यतः गोळीचीच असावी. तसेच ड जीवनसत्त्व दिल्याने गर्भारपणातील रक्तदाब, मधुमेह किंवा कमी वजन टळते असे आश्वासन मी तिला दिले नाही, कारण अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यातही त्याविषयीचा पुरावा ठाम ठरलेला नाही. तिची हाडे आणि स्नायू यांच्यासाठी आणि बाळाच्या साठ्यासाठी ते हवे होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली, वजन २.७ किलो, सरळ बाळंतपण. बाळंतिणीची खोली अर्थातच बंद दारांची, डोक्याला फडके, सव्वा महिना उंबऱ्याच्या आत. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फारच थोडे असते, म्हणून बाळाला पहिल्या दिवसांपासून रोज ४०० एककांचे थेंब सुरू केले. ते लिहून देताना एक काळजी घ्यावी लागली: बाजारात एका मिलिलिटरला ४०० एकके आणि ८०० एकके अशा दोन प्रकारच्या बाटल्या मिळतात. दोन राज्यांतल्या दोन दुकानांतून औषध आणले जाणार होते, म्हणून पत्रावर दोन्हींचे माप निरनिराळे लिहिले, एकीचे एक मिलिलिटर आणि दुसरीचे अर्धे. कॅल्शियमच्या गोळ्या सप्टेंबरपर्यंत, विडीकाम किमान सहा महिने बंद.

जूनमध्ये साडेतीन महिन्यांच्या लसीसाठी ती निपाणीला आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. सासूबाईंच्या पिशवीत दोन्ही कार्डे होती, आणि त्यांना टाचलेले ते पत्र घडीवर फाटू नये म्हणून चिकटपट्टी लावून ठेवलेले.